हिप्पोकॅम्पस शाबूत असूनही नवे काही का आठवत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या ६६ वर्षांच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी डाव्या थॅलॅमसच्या (मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या, संदेश पुढे पोहोचवणाऱ्या भागाच्या) पुढच्या भागात लहानसा पक्षाघात झाला. हातापायांतली ताकद, चालणे आणि बोलणे जवळजवळ पूर्ववत झाले. पण सकाळी कोण भेटून गेले हे त्यांना दुपारी सांगता येत नाही आणि तोच प्रश्न ते दिवसातून अनेकदा विचारतात. याउलट चाळीस वर्षांपूर्वीच्या नोकरीतले बारकावे ते बिनचूक सांगतात. एमआरआयच्या अहवालात दोन्ही हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत असलेले, नव्या आठवणींशी निगडित भाग) नॉर्मल असल्याचे लिहिले आहे. त्यामुळे स्मरणशक्तीचे केंद्र ठीक असताना हा प्रकार म्हणजे दुर्लक्ष, नैराश्य किंवा हट्ट असावा, असे घरातल्या काही जणांना वाटते. हे खरे आहे का, स्मृती परत येईल का आणि घरच्यांनी काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि पक्षाघातानंतर स्मृतीच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहेत. वडिलांना मी तपासलेले नाही आणि त्यांच्या एमआरआयची चित्रेही पाहिलेली नाहीत, म्हणून पुढचे विवेचन निदान समजू नये. नुकसान नेमके कोठे आणि किती झाले आहे, पक्षाघातापूर्वी त्यांची स्मरणशक्ती कशी होती, झोप कशी लागते, कोणती औषधे चालू आहेत, बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या काय सांगतात, यांवर बरेच अवलंबून आहे. तरीही आपण केलेले वर्णन एका ओळखीच्या आजाराशी इतके जुळते की, त्यामागचे कारण समजावून सांगता येईल असे मला वाटते.

मूळ अडचण स्मृतीचे एकच केंद्र असते या समजुतीत आहे. अहवाल चुकीचा नाही. हिप्पोकॅम्पसचा आकार आणि रचना ठीक दिसते, एवढेच तो सांगतो. पण नवी आठवण तयार होण्यासाठी हिप्पोकॅम्पसपासून निघून थॅलॅमसमधून जाणारा आणि पुन्हा हिप्पोकॅम्पसकडे परतणारा एक संपूर्ण मार्ग चालू असावा लागतो. स्थानकाची इमारत शाबूत आहे एवढ्यावरून गाडी सुटेल असे म्हणता येत नाही; रूळही पाहावे लागतात. आपल्या वडिलांचा पक्षाघात ज्या जागी झाला आहे, तेथून हे रूळ जातात.

‘केंद्र’ ही समजूत कोठून आली हे सांगितले तर पुढचे सोपे जाईल. १९५३ साली अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला येणाऱ्या अनावर फिटवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल खंडांचा (कानांच्या बाजूच्या खंडांचा) आतला भाग काढून टाकला. फिट कमी झाल्या, परंतु त्यानंतर त्याला घडलेली कोणतीही नवी घटना लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची बारकाईने तपासणी केली आणि १९५७ साली स्कोव्हिल व मिल्नर यांचा जो शोधनिबंध आला, त्याने हिप्पोकॅम्पस आणि स्मृती यांचे नाते पक्के केले. मात्र त्याच शस्त्रक्रियेत ॲमिग्डाला या भावनांशी निगडित भागाचा बराच अंश आणि हिप्पोकॅम्पसला लागून असलेले मेंदूचे आवरणही (कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचाच बाहेरचा थर) निघाले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

दुसरी बाजू त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातील सर्गेई कोर्साकोव्ह यांनी, बहुतेक वेळा दीर्घकाळच्या मद्यपानानंतर दिसणाऱ्या एका स्मृतिलोपाचे वर्णन केले. रुग्ण नीट बोलतो, हुशारीने उत्तरे देतो आणि काही मिनिटांपूर्वी झालेली भेट पार विसरतो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडल्याने हा आजार होतो आणि त्यात मुख्य इजा हिप्पोकॅम्पसला नसून मॅमिलरी बॉडी या मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन लहान गोलाकार भागांना आणि थॅलॅमसला होते. एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या दोन ठिकाणी इजा होऊन जवळजवळ सारखेच अपंगत्व येत असेल, तर त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या मार्गाचा विचार करावाच लागतो.

तो मार्ग असा आहे. आपण जे पाहतो, ऐकतो आणि अनुभवतो त्याची माहिती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतून एंटोरायनल कॉर्टेक्स या पट्ट्याकडे येते. तेथून चेतातंतूंचा एक जुडगा हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस या भागात शिरतो, पुढे सीए-३ आणि सीए-१ या पेशीसमूहांतून आणि मग सुबिक्युलममधून संदेश बाहेर पडतो. या पहिल्याच टप्प्यावर, सशांवरील प्रयोगात, ब्लिस आणि लोमो या संशोधकांना १९७३ साली असे दिसले की थोडा वेळ जलद विद्युत्‌-उत्तेजना दिल्यावर पेशींमधील जोडणी कित्येक तास अधिक बळकट राहते. शिकण्यामागची जैविक यंत्रणा म्हणून आज जे काही सांगितले जाते, त्यातले बरेचसे या निरीक्षणापासून सुरू होते. सीए-१ मधल्या पेशी प्राणवायूच्या अभावाला फार लवकर बळी पडतात, म्हणूनच हृदय काही मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झालेल्या रुग्णांमध्ये इतर सर्व सुधारले तरी स्मृती मागे राहते, असे आम्ही पाहतो.

हिप्पोकॅम्पसमधून बाहेर पडलेले तंतू एकत्र येऊन फॉर्निक्स नावाची कमान तयार करतात. ही कमान मागून वर चढते, मेंदूच्या मध्यावरून पुढे येते आणि खाली वळून मॅमिलरी बॉडीत पोहोचते. तिच्यातले काही तंतू मधला थांबा न घेता सरळ थॅलॅमसकडे जातात. मॅमिलरी बॉडीतून निघणारा मॅमिलोथॅलॅमिक मार्ग हा जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा जुडगा थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकांपर्यंत, म्हणजे पेशीसमूहांपर्यंत, चढतो. तेथून संदेश सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये जातो आणि सिंग्युलम या लांब पट्ट्यातून मागे व खाली उतरून पुन्हा एंटोरायनल भागात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये परततो. १९३७ साली मेंदूरचनेचे अभ्यासक जेम्स पेपेझ यांनी हे वर्तुळ मांडले ते भावनांचे स्पष्टीकरण देण्यासाठी. स्मृतीशी त्याचे नाते नंतर उलगडत गेले, आणि आज त्यांचे नाव भावनांपेक्षा स्मृतीच्या संदर्भातच अधिक घेतले जाते.

आता आपल्या वडिलांकडे वळू. थॅलॅमसच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी अतिशय बारीक असते आणि मॅमिलोथॅलॅमिक मार्गही तिच्याच पुरवठ्याच्या क्षेत्रात येतो. सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये ही धमनी नसते आणि तिचे काम शेजारची दुसरी धमनी करते, त्यामुळे दोन रुग्णांचे अहवाल सारखे वाचले तरी नुकसान सारखे नसते. ही धमनी बंद पडली की हात-पाय हलवणारे तंतू बाजूला राहतात आणि स्मृतीचा मार्ग मात्र तुटतो. चित्रावर ठिपका दिसतो वाटाण्याएवढा, आणि त्याचा परिणाम दिवसभर घरात जाणवतो. हिप्पोकॅम्पसला रक्त पुरवणाऱ्या शाखा वेगळ्या असल्याने तो नॉर्मल दिसतो, यात काहीच विसंगत नाही. शिवाय जोडणी तुटल्यावर दूरचा भागही मंदावतो. १९१४ साली मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह यांनी डायस्किसिस या नावाने ही कल्पना मांडली होती. रचना दाखवणाऱ्या साध्या एमआरआयमध्ये हे मंदावणे दिसत नाही.

मग जुने कसे आठवते? घटना घडल्यानंतरच्या काळात तिच्या खुणा हळूहळू मेंदूच्या विस्तृत आवरणात पसरून स्थिर होतात आणि वर्षानुवर्षे उजळणी झालेल्या गोष्टींना या वर्तुळाची गरज कमी उरते. ती अजिबात उरत नाही की प्रसंग बारकाव्यांसह पुन्हा डोळ्यांसमोर उभा करताना हिप्पोकॅम्पस कायम लागतो, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. आपल्यापुरते एवढे पुरे की नोकरीतल्या आठवणी शाबूत असणे हे ढोंगाचे लक्षण नसून या आजाराचेच लक्षण आहे. आपण सांगितलेला दूरध्वनी क्रमांक ते लगेच परत म्हणू शकत असतील, तर तेही याच्याशी जुळते, कारण काही सेकंद माहिती धरून ठेवण्याचे काम मुख्यतः फ्रंटल (पुढच्या) आणि परायटल (वरच्या-मागच्या) खंडांतील जाळे करते. हातांनी शिकलेली कौशल्ये बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातील पेशीसमूह) आणि सेरिबेलम (लहान मेंदू) यांच्या आधारावर चालतात. आरशात पाहून चांदणी गिरवण्याच्या कामात मोलेसनची प्रगती दिवसागणिक होत गेली, मात्र आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला आठवण नसे.

घरातल्या संशयाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या अनुभवात कुटुंबे दुखावली जातात ती याच ठिकाणी. ‘सकाळी कोण आले होते?’ असे विचारल्यावर रुग्ण गप्प राहतो. ‘मावशी आल्या होत्या की शेजारचे काका?’ असे विचारले की तो अनेकदा बरोबर उत्तर देतो. नातेवाइकांना वाटते की याला माहीत होते, सांगायचे नव्हते. प्रत्यक्षात काहीही खूण नसताना आठवून सांगणे आणि समोर आलेली गोष्ट ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. फॉर्निक्स, मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमसचा पुढचा भाग हे पहिल्या कामासाठी विशेष लागतात. ओळखीची जाणीव बऱ्याच अंशी हिप्पोकॅम्पसशेजारच्या पेरिरायनल कॉर्टेक्सवर अवलंबून असते, असे मानणारा एक मोठा विचारप्रवाह आहे. ही विभागणी किती काटेकोर आहे यावर वाद आहे, परंतु फॉर्निक्सला इजा झालेल्या रुग्णांमध्ये आठवून सांगणे जास्त बिघडते आणि ओळखणे त्या मानाने टिकते, हे अनेकदा दिसून आले आहे. म्हणून पर्याय दिल्यावर उत्तर येणे हा वडिलांविरुद्धचा पुरावा धरू नये.

नैराश्याची शंका मात्र सोडून देऊ नये, फक्त ती नीट तपासावी. थॅलॅमसचे पुढचे आणि मधले भाग फ्रंटल खंडांशी घट्ट जोडलेले असल्याने तेथील पक्षाघातानंतर माणूस निरुत्साही होतो, स्वतःहून काही सुरू करत नाही, विचारले तरच बोलतो. हे औदासीन्य आणि नैराश्य बाहेरून सारखेच दिसतात. नैराश्यात दुःख, अपराधी भाव, निराशेचे बोलणे असते. औदासीन्यात माणूस दुःखी नसतो, तो फक्त स्वतःहून हलत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि नैराश्यावर उपचार असल्यामुळे हा फरक तज्ज्ञांकडून करून घेणे हिताचे आहे. याच जागेच्या पक्षाघातात एका विषयावर बोलता बोलता दुसऱ्याच विषयाचे तुकडे मध्ये मिसळणे हेही दिसते. तसे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

डाव्या बाजूच्या इजेत शब्दांशी निगडित स्मृती, म्हणजे नावे, निरोप आणि संभाषणे, अधिक बाधित होतात, तर चेहरे, जागा आणि रस्ते त्या मानाने टिकून राहतात. नियम म्हणून हे पक्के नाही, पण उपायांची आखणी करताना उपयोगी पडते. याची खातरजमा करण्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडून सविस्तर स्मृतिचाचणी करून घ्यावी. तिच्यात शब्दांची यादी शिकवून अर्ध्या तासाने ती आठवून सांगायला लावतात, मग ओळखायला लावतात आणि आकृत्यांची स्मृती स्वतंत्रपणे पाहतात. दहा मिनिटांच्या सर्वसाधारण चाचणीत असे रुग्ण बरे गुण मिळवतात आणि मग घरच्यांची तक्रार खोटी ठरते. तंतुमार्ग दाखवणारा विशेष एमआरआय मिळत असला तरी त्याने उपचार बदलत नाहीत, म्हणून त्यासाठी धावपळ करावी असे मला वाटत नाही. असलेल्याच चित्रांवर ठिपका मॅमिलोथॅलॅमिक मार्गावर पडतो का, एवढे रेडिओलॉजिस्टना पाहायला सांगितले तर बहुतेक वेळा पुरेसे होते.

येथवरचे सांगायचे तर, एकाच बाजूच्या, नेमक्या जागच्या लहान पक्षाघाताने हिप्पोकॅम्पस शाबूत असताना नवी स्मृती जाऊ शकते, आणि आपण लिहिलेले चित्र त्याच्याशी जुळते. एक अट मात्र आहे: बिघाड पक्षाघाताच्या दिवशी एकाएकी सुरू झालेला असावा आणि नंतर स्थिर राहिलेला किंवा सुधारत गेलेला असावा. विसरणे त्याआधी वर्ष-दोन वर्षांपासून हळूहळू वाढत असेल, किंवा आता महिन्यागणिक वाढत असेल, तर अल्झायमरसारख्या आजाराचाही विचार करावा लागेल. त्या आजारातील सुरुवातीचे बदल एंटोरायनल भागातच दिसू लागतात, म्हणजे इजा याच वर्तुळाला होते पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या गतीने. उतारवयात दोन्ही आजार एकत्र असणे दुर्मीळ नाही.

स्मृती परत येण्याबद्दल: एका बाजूच्या इजेत सुधारणा दोन्ही बाजूंच्या इजेपेक्षा चांगली होते, कारण दुसऱ्या बाजूचे वर्तुळ काही काम सांभाळते. सर्वाधिक सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते आणि वर्षभर ती मंद गतीने चालू राहू शकते. चार महिन्यांवर आशा सोडण्याचे कारण नाही. पूर्ण भरपाईचे आश्वासन देणेही योग्य होणार नाही. तुटलेला तंतुमार्ग जोडणारे औषध आज उपलब्ध नाही. स्मृतिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर आणि मोबाइलवरील मेंदूच्या व्यायामांवर मी रुग्णांना खर्च करायला सांगत नाही. त्या खेळांनी माणूस मुख्यतः त्याच खेळात तरबेज होतो.

काही औषधे काढून टाकण्याने मात्र फरक पडतो. मेंदूच्या पुढच्या तळभागातून फॉर्निक्सच्याच वाटेने ॲसिटिलकोलीन वापरणारे तंतू हिप्पोकॅम्पसकडे येतात. जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्या, लघवीची घाई कमी करणारी काही औषधे आणि ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधे याच रसायनाला अडवतात, तर झोपेच्या अनेक गोळ्या वेगळ्या मार्गाने नव्या आठवणी पक्क्या होऊ देत नाहीत. अगोदरच अर्धा तुटलेल्या मार्गावर हे ओझे जड जाते. यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणतेही औषध स्वतःहून एकदम थांबवू नये. झोपेत मोठ्याने घोरणे आणि श्वास अडखळणे असेल तर तेही तपासून घ्यावे, कारण गाढ झोपेत दिवसभरातल्या अनुभवांची हिप्पोकॅम्पस आणि आवरण यांच्यात उजळणी होत असते आणि पक्षाघात झालेल्यांमध्ये झोपेत श्वास थांबण्याचा विकार बराच आढळतो.

घरी वागण्याबाबत माझी एकच आग्रहाची सूचना आहे: वडिलांची परीक्षा घेणे थांबवावे. ‘आठवून सांगा बघू’ म्हटल्यावर ते अंदाजाने चुकीचे उत्तर देतात आणि प्रसंग विसरला तरी ते चुकीचे उत्तर सवय म्हणून टिकते, कारण सवयीचा मार्ग शाबूत आहे. त्याऐवजी बरोबर उत्तर आधी सांगावे, त्यांच्याकडून लगेच म्हणवून घ्यावे, मग दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी असे अंतर वाढवत जावे. ठरावीक जागी ठेवलेली एकच वही, तिच्यात भेटी आणि निरोप त्यांच्याच हाताने लिहिलेले, आणि आलेल्या माणसासोबत काढलेले छायाचित्र, एवढ्याने बराच दिवस सावरता येतो. ‘वहीत पाहा’ हे उत्तर प्रत्येक वेळी शांतपणे द्यावे. काही आठवड्यांनी ते प्रश्न विचारण्याआधी वहीकडे वळू लागतात. वही कशी वापरायची हे आपल्याला कोणी शिकवले ते त्यांना आठवणार नाही, तरी हात तिकडे जातो.

औषधांची जबाबदारी सध्या त्यांच्यावर टाकू नये. गोळी घेतल्याचे विसरून ती पुन्हा घेतली जाते, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर दुप्पट मात्रेने रक्तस्राव होऊ शकतो. वारांचे कप्पे असलेला डबा वापरला तरी गोळी समोर घेतली जाते हे कोणीतरी पाहावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची लय यांवरचे नियंत्रण आता दुप्पट महत्त्वाचे आहे, कारण उजव्या बाजूला असाच लहान पक्षाघात झाला तर उरलेले वर्तुळही जाईल. एकाएकी गुंगी येऊन जागे करता न येणे, दोन-दोन दिसू लागणे, किंवा विसरणे एका दिवसात अचानक वाढणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे. आठवडाभर उलट्या होत असतील किंवा जेवण जवळजवळ बंद असेल, तर थायमिन द्यायचे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.